त्वचादान: नक्की किती कातडी काढतात?

निशिगंधा:

डोळे देऊ म्हणणारी माणसं त्वचेचं नाव काढलं की गप्प होतात. "सोललेला देह घरच्यांनी बघायचा कसा?" हे इतक्या जणांकडून ऐकलं आहे की शेवटी धागाच काढते. माझी नोकरी भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून झाली, त्यामुळे लिहिण्याला तोच वास येईल. चालवून घ्या.

आधी सरळ उत्तर. मृत्यूनंतर त्वचा पूर्ण जाडीची काढत नाहीत. वरचा थर आणि त्याच्या खालच्या थराचा थोडासा भाग, एवढंच घेतात. जुन्या पोस्टकार्डाची जाडी आठवा, साधारण तेवढा पापुद्रा. घेतात तो मांड्या, पाय आणि पाठीवरून. चेहऱ्याला हात लावत नाहीत. रक्त वाहत नाही, जागेवर बँडेज बांधतात आणि कपडे घातले की कुणाला कळतही नाही. टीम घरी येते, अर्ध्या-पाऊण तासात काम उरकतं.

आता एवढ्याशा पापुद्र्याने कुणाचा जीव कसा वाचतो, ते कळायला त्वचा आडवी कापल्यासारखी मनात आणावी लागते.

सगळ्यात वर बाह्यत्वचा, म्हणजे एपिडर्मिस. पापणीवर ती जेमतेम ०.०५ मिलिमीटर असते, तळहात-तळपायावर दीड मिलिमीटरपर्यंत जाते. हिच्यात एकही रक्तवाहिनी नाही. तळाशी पेशींची एक रांग असते, तीच कायम विभागत असते. नव्या पेशी जुन्यांना वर ढकलतात. वर सरकता सरकता त्या केरॅटिन नावाच्या चिवट प्रथिनाने भरत जातात, चपट्या होतात आणि पृष्ठभागाशी पोचेपर्यंत मेलेल्या असतात. तळापासून गळून पडेपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे जातात, म्हातारपणी आणखी जास्त. म्हणजे आपण आरशात जे बघतो आणि ज्याला क्रीम चोपडतो तो सगळा मेलेला थर. पण अंगातलं पाणी आत आणि जंतू बाहेर ठेवण्याचं काम मुख्यतः हाच मेलेला थर करतो. तो गेला की माणूस अक्षरशः पाझरायला लागतो.

त्याखाली अंतस्त्वचा, डर्मिस. खरी मजबुती हिची. कोलॅजेनचे दोर, इलास्टिनचे तंतू, रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची टोकं, घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळं इथेच. दोन थरांमधली हद्द सपाट नसते, एकमेकांत बोटं गुंतवल्यासारखी वरखाली असते. फोड येतो तेव्हा बहुतेकदा हीच हद्द किंवा तिच्या आसपासचा भाग सुटलेला असतो आणि मध्ये पाणी भरलेलं असतं.

सगळ्यात खाली चरबीचा थर. इन्शुलिनची सुई जाते ती इथे. थंडीपासून राखण, धक्क्यापासून राखण, अडीअडचणीचा साठा.

भाजण्याची खोली ठरते ती याच थरांवरून. नुसती बाह्यत्वचा भाजली तर लाल होते, झोंबते, आठवड्याभरात साल निघून जाते. अंतस्त्वचेचा वरचा भाग गेला तर फोड येतात आणि जीवघेणं दुखतं, पण दोन-तीन आठवड्यांत भरून येतं. अंतस्त्वचा मुळासकट गेली तर जागा पांढुरकी किंवा चामड्यासारखी करडी दिसते, आणि तिथे दुखत नाही.

नातेवाईक आनंदाने सांगत यायचे, "सिस्टर, आता दुखायचं थांबलंय." त्यांना काय उत्तर द्यायचं हे कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं. दुखत नाही कारण दुखणं कळवणारे तंतूच जळून गेलेले असतात.

---

सदू_सातारकर:

उत्तम धागा. एक शंका. अंतस्त्वचेचा वरचा भाग गेला तर भरून येतो आणि पूर्ण गेली तर नाही, असं का? नवी कातडी येते ती बाजूनेच ना?

---

निशिगंधा:

नाही, आणि इथेच सगळी गंमत आहे. केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी पार खोल गेलेल्या असतात, आणि त्यांच्या भिंतींना आतून बाह्यत्वचेच्याच पेशींचं अस्तर असतं. वरचं सगळं जळालं तरी खोलवर ही बिळं शिल्लक राहिली की प्रत्येक बिळाच्या तोंडातून नव्या पेशी वर येऊन पसरतात. जखमेवर आधी गुलाबी ठिपके दिसतात, मग ते एकमेकांना मिळतात. ड्रेसिंग सोडताना ते ठिपके दिसले की आम्ही डॉक्टर यायच्या आधीच पेशंटला सांगून टाकायचो.

पूर्ण जाडी जळाली की बिळंही गेली. मग पेशी येणार फक्त कडेने, तेही किती? जखम मोठी असेल तर शरीर दुसराच उपाय करतं, कडा आत ओढून घेतं. गळ्यावर असं झालं तर हनुवटी छातीला चिकटते, कोपरात झालं तर हात सरळ होत नाही. म्हणून तिथे ग्राफ्ट लागतो. पेशंटच्याच मांडीवरून डर्मॅटोम नावाच्या यंत्राने पातळ पापुद्रा घ्यायचा आणि जखमेवर लावायचा. मांडीवरची ती जागा त्याच बिळांमधून दोनेक आठवड्यांत भरते, मग तिथूनच पुन्हा घेता येते. पापुद्र्याला यंत्रातून चिरा पाडून जाळीसारखं ताणलं की दुप्पट-तिप्पट जागा झाकता येते.

पण ज्याचं निम्म्याहून जास्त अंग भाजलंय त्याच्याकडे घ्यायला जागाच नसते. दान केलेली त्वचा लागते ती त्याच्यासाठी.

---

खवट_आजोबा:

दुसऱ्याची कातडी अंगाला लागते होय? मूत्रपिंडाला एवढ्या चाचण्या, आणि इथे रक्तगटसुद्धा बघत नाहीत असं ऐकलंय.

---

प्रयोगवही:

आजोबा, लागत नाही. म्हणजे कायमची लागत नाही, आणि हे कळलं तेही भाजलेल्या रुग्णांमुळेच. दुसऱ्या महायुद्धात पीटर मेडावार नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाला ग्लासगोच्या बर्न्स युनिटमध्ये पाठवलं होतं. तिथे टॉमस गिब्सन या सर्जनबरोबर त्याने एका भाजलेल्या तरुणीला तिच्या भावाच्या त्वचेचे तुकडे लावले. काही दिवस ते छान दिसले, मग शरीराने ते फेकून दिले. काही दिवसांनी त्याच भावाचे तुकडे पुन्हा लावले, तर ते पहिल्यापेक्षा लवकर फेकले गेले. म्हणजे शरीराने त्यांना ओळखलं होतं आणि लक्षात ठेवलं होतं. हा निबंध १९४३चा. अवयव नाकारणं हे रोगप्रतिकाराचं काम आहे ही समज त्यातून पुढे आली, आणि १९६० साली मेडावारला बर्नेटबरोबर नोबेल मिळालं.

बाह्यत्वचेत लँगरहान्स पेशी असतात, परक्याची खबर आत पोचवणाऱ्या. पॉल लँगरहान्सने त्या १८६८ साली विद्यार्थी असतानाच शोधल्या, पण त्याला वाटलं मज्जातंतूच्या पेशी आहेत. मधुमेहाच्या संदर्भात ज्यांचं नाव येतं ती स्वादुपिंडातली बेटंही ह्याचीच. एका माणसाने विद्यार्थिदशेतच किती उद्योग करावेत!

---

निशिगंधा:

प्रयोगवही, आभार. आजोबा, दान केलेली त्वचा ही तात्पुरतं पांघरूण असते. दोन-तीन आठवडे टिकते, फार भाजलेल्या पेशंटची प्रतिकारशक्ती मंदावलेली असते त्यामुळे कधी थोडी जास्त. रक्तगट बघत नाहीत तो म्हणूनच. पण तेवढ्या दिवसांत पाणी आणि प्रथिनं वाहून जायची थांबतात, जंतूंना वाट मिळत नाही, दुखणं कमी होतं, आणि मांडीवरची स्वतःची त्वचा परत भरायला वेळ मिळतो. मोठ्या भाजण्यात पेशंट बहुतेकदा पहिल्या दिवशी जात नाही हो, दहाव्या-पंधराव्या दिवशी जंतुसंसर्गाने जातो. ते पंधरा दिवस काढून देण्यासाठी हा पापुद्रा.

त्वचापेढीत ही त्वचा ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये चार ते आठ अंशांवर ठेवतात. ही रीत नेदरलँड्समधल्या युरो स्किन बँकेची. त्यात पेशी मरतात, पण अंतस्त्वचेचं विणकाम शाबूत राहतं, आणि पाच वर्षांपर्यंत वापरता येते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० सालापासून त्वचापेढी आहे. डॉ. माधुरी गोरे यांनी त्यासाठी फार कष्ट घेतले. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे.

---

अण्णा_वेंगुर्ले:

सुश्रुताने त्वचेचे सात थर अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहेत. मायक्रोस्कोप नव्हता तेव्हा. हे कुणी का लिहीत नाही?

---

सदू_सातारकर:

आले अण्णा. 😀

---

वैद्य_माधवी:

अण्णा, लिहिते. सुश्रुताच्या शारीरस्थानात अवभासिनी, लोहिता, श्वेता, ताम्रा, वेदिनी, रोहिणी आणि मांसधरा अशा सात त्वचा दिल्या आहेत. दुधावर साय धरते तशा त्या गर्भावर तयार होतात असं म्हटलं आहे. जाडी व्रीहीत, म्हणजे भाताच्या दाण्यात मोजली आहे. अवभासिनी दाण्याचा अठरावा भाग, रोहिणी अख्खा दाणा, मांसधरा दोन दाणे. चरकाने मात्र सहाच मोजल्या आहेत.

मला यात थरांच्या संख्येपेक्षा ते कसे पाहिले हे जास्त भावतं. पुढच्याच अध्यायात पद्धत आहे: प्रेत मुंज गवत वगैरेंनी गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात बुडवायचं, सात रात्रींनी ते नीट भिजलं की वाळा, केस, बांबू यांच्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून सुरुवात करून आतलं सगळं बघायचं. माणूस घासून घासून थर मोजतो आहे. शाबास त्याची.

पण अवभासिनी म्हणजे अमुक थर, लोहिता म्हणजे तमुक, अशी जोडी लावणारे तक्ते व्हॉट्सॲपवर फिरतात ते ओढूनताणून केलेले असतात. आजच्या पुस्तकात तळहाताच्या बाह्यत्वचेतच पाच पोटथर मोजतात. दोन वेगळ्या मोजण्या आहेत, जुळवायची गरज नाही.

---

अण्णा_वेंगुर्ले:

ठीक. पण प्लास्टिक सर्जरी तरी आपली ना?

---

पेठेतला:

तिला तर थेट पुण्याचा दाखला आहे. १७९४ सालच्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा गाडीवान, इंग्रजांच्या फौजेबरोबर होता, टिपूच्या लोकांनी पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळ एका देशी कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा वळवून नवीन नाक बसवलं. आधी मेणाचा साचा नाकावर बसवून बघितला, मग तो कपाळावर सपाट ठेवून आखून घेतला. ते वाचून कार्प्यू या इंग्रज सर्जनने सराव केला आणि १८१४ साली स्वतः तसं ऑपरेशन केलं.

धाग्याशी संबंध असा: त्या माणसाने कपाळाची कातडी पूर्ण सुटी केली नाही. दोन भुवयांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवली आणि तिथून पिळून खाली वळवली. त्या पट्टीतून रक्त येत राहिलं, म्हणून पूर्ण जाडीची कातडी जगली. नाक रुजल्यावर पट्टी कापली. निशिगंधाताई सांगताहेत तो पापुद्रा पातळ असतो म्हणून खालच्या जखमेतून झिरपणाऱ्या रसावर सुरुवातीचे दिवस काढतो. जाड तुकडा तसा जगला नसता. बरोबर ना?

---

निशिगंधा:

अगदी बरोबर. फ्लॅप आणि ग्राफ्ट यातला फरक हाच. फ्लॅप स्वतःचं रक्त घेऊन येतो, ग्राफ्ट उपाशी येतो. म्हणून ग्राफ्ट लावल्यावर आम्ही पेशंटला तो भाग हलवू देत नाही. खालून नव्या केशवाहिन्या शिरायला काही दिवस लागतात, तोवर तो सरकला किंवा खाली रक्त साठलं तर गेला.

---

रानजाई:

वाचता वाचता मनात आलं, मेंदी उतरते आणि आजीच्या कपाळावरचं गोंदण जात नाही ते यामुळेच का?

---

प्रयोगवही:

हो! मेंदीतलं लॉसोन नावाचं रंगद्रव्य बाह्यत्वचेच्या मेलेल्या थरातल्या केरॅटिनला धरतं. तळहात-तळपायावर तो थर जाड, म्हणून तिथे रंग चढतो, मनगटाच्या वर गेलं की फिका. थर गळतो तसा रंग जातो. सासूच्या प्रेमाशी काही घेणंदेणं नाही, माफ करा.

गोंदणाची सुई मात्र बाह्यत्वचा ओलांडून अंतस्त्वचेत जाते. तिथे पेशी वर सरकत नाहीत. शाईचे कण भक्षक पेशी गिळून बसतात. २०१८ साली मार्सेच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की ह्या पेशी मेल्या की कण सुटतात, आणि तिथे आलेल्या नव्या भक्षक पेशी ते पुन्हा गिळतात. शाई तिथेच, पहारेकरी बदलत राहतात. लेझरने कण फोडून बारीक केले तरच ते वाहून जातात.

---

रानजाई:

कमाल आहे. आणि रंग? गोऱ्या माणसात त्या रंगाच्या पेशी कमी असतात ना?

---

वैद्य_माधवी:

नाही. रंगपेशींची संख्या गोऱ्या-काळ्यांत जवळजवळ सारखीच. फरक त्या किती आणि कोणत्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात, त्याच्या पुड्या केवढ्या असतात आणि शेजारच्या पेशींत किती दिवस टिकतात, यात असतो. मेलॅनिन पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखं बसतं आणि उन्हापासून राखतं.

विषय निघाला म्हणून सांगते, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचं मिश्रण असलेली मलमं आणून "गोरं होण्यासाठी" महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावू नका. त्यांनी बाह्यत्वचा पातळ होते, अंतस्त्वचेतलं कोलॅजेन कमी होतं, आतल्या केशवाहिन्या बाहेरून दिसायला लागतात. आणि सोडलं की चेहरा पेटतो. माझ्याकडे अशा मुली येतात, लग्न ठरलेल्या.

---

खवट_आजोबा:

आमच्याकडे भाजलं की टूथपेस्ट नाहीतर शाई लावायचे. बरे व्हायचो की.

---

निशिगंधा:

आजोबा, बाह्यत्वचेपुरतं भाजलं असेल तर काहीही न लावताही बरं होतं, श्रेय टूथपेस्ट घेऊन जाते. खोल भाजलं असेल तर पेस्ट, हळद, शाई यातलं सगळं आम्हाला खरवडून काढावं लागतं, आणि डॉक्टरला खोली कळत नाही ती वेगळीच.

नळाचं साधं वाहतं पाणी, २० मिनिटं. घड्याळ लावून. दोन मिनिटांत लोक हात बाहेर काढतात. आच विझली तरी उष्णता आत थरांमध्ये उतरत राहते, ती थांबवायची असते. भाजल्यावर तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो. बर्फ नको, त्याने रक्तवाहिन्या आवळतात आणि उरलेली त्वचाही जाते. लहान मूल किंवा बरंच अंग भाजलेलं असेल तर फक्त भाजलेल्या जागेवर पाणी, बाकी अंग झाकून ऊब ठेवा आणि दवाखाना गाठा. अंगठ्या, बांगड्या लगेच काढा, नंतर सुजेने निघत नाहीत. किती भाजलंय हे फोनवर सांगायचं तर पेशंटचा स्वतःचा तळवा बोटांसकट म्हणजे सुमारे १ टक्का, असं मोजा.

आणि गीझर. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची त्वचा काही सेकंदांत पूर्ण जाडीपर्यंत भाजू शकतं. पोरांची आणि म्हाताऱ्यांची त्वचा पातळ, त्यांना त्याहून कमी वेळ पुरतो. बादलीत आधी थंड पाणी, मग गरम. हा क्रम उलटा केल्यामुळे आलेली मुलं मी पाहिली आहेत.

---

सदू_सातारकर:

केळीचं पान भाजलेल्यावर बांधतात असं ऐकलंय, ते पण थोतांडच का?

---

निशिगंधा:

ते मात्र थोतांड नाही. शीव रुग्णालयातच डॉ. गोरे आणि डॉ. आकोलेकर यांनी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानांची ड्रेसिंगं वापरून बघितली, २००३ साली बर्न्स या नियतकालिकात निबंध आहे. पान मेणचट असतं, जखमेला चिकटत नाही, ड्रेसिंग सोडताना नवी आलेली बाह्यत्वचा उचकटून येत नाही. गॉज चिकटलेला काढणं म्हणजे काय असतं ते ज्याचं निघालंय त्यालाच विचारा. त्याआधी १९८५च्या सुमारास मुंबईचेच डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालांची ड्रेसिंगं केली होती. दोन्ही स्वस्त, दोन्ही तात्पुरती बाह्यत्वचाच म्हणा. पण ती वॉर्डात, वाफेवर निर्जंतुक करून. परसातलं पान तोडून घरी बांधू नका.

---

पेठेतला:

प्रयोगशाळेत त्वचा वाढवतात ना आता? मग दानाची गरज किती दिवस?

---

प्रयोगवही:

बाह्यत्वचा वाढवता येते, बऱ्याच वर्षांपासून. राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी १९७५ साली केरॅटिन बनवणाऱ्या पेशी बशीत वाढवून दाखवल्या. पुढे १९८३ मध्ये अमेरिकेत जवळजवळ पूर्ण अंग भाजलेल्या दोन लहान भावांना त्यांच्याच पेशींपासून वाढवलेले पापुद्रे लावून वाचवलं. पण ते पापुद्रे नाजूक. खाली अंतस्त्वचा नसेल तर जराशा घासण्याने सुटतात, फोड येतात. अंतस्त्वचेसाठी गायीचं कोलॅजेन आणि शार्कच्या कूर्चेतला पदार्थ यांची जाळी बर्क आणि यानास यांनी काढली, तिच्यात रुग्णाच्या पेशी शिरून स्वतःचं विणकाम करतात. ती महाग आहे. घामाच्या ग्रंथी आणि केस मात्र यातल्या कशानेच परत येत नाहीत. पूर्ण भाजलेल्या आणि बऱ्या झालेल्या माणसाला उन्हाळा फार जड जातो तो म्हणूनच.

---

रानजाई:

निशिगंधाताई, माझ्या सासूबाईंना मधुमेह आणि बीपी आहे, वय ७८. त्यांना अर्ज भरायचाय. चालेल? आणि डोळेही द्यायचे आहेत, दोन्ही एकदम देता येतात का?

---

निशिगंधा:

चालेल. १८ वर्षांपुढे वयाची वरची मर्यादा नाही. मधुमेह, बीपी आड येत नाहीत. एचआयव्ही, हेपॅटायटिस बी किंवा सी, अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग, त्वचेचा कर्करोग असेल तर घेत नाहीत. त्यासाठी टीम रक्ताचा नमुना घेऊन जाते.

दोन्ही देता येतात आणि दोन्हींना मुदत मृत्यूनंतर सहा तासांचीच. पण बऱ्याच ठिकाणी नेत्रपेढी वेगळी आणि त्वचापेढी वेगळी, म्हणून दोन फोन करावे लागतात. दोन्ही नंबर घरात सगळ्यांकडे ठेवा, अर्ज कपाटात राहतो आणि वेळेला सापडत नाही. अर्ज भरलेला असला तरी त्या वेळी घरच्यांची संमती लागतेच, तेव्हा मुलांशी आधी बोलून ठेवायला सांगा. मृत्यूचा दाखला देणारे डॉक्टर लगेच बोलवा, त्याशिवाय टीम काही करू शकत नाही. तोवर पंखा बंद, एसी असेल तर चालू, डोळे मिटून त्यावर ओला कापूस, डोक्याखाली उशी.